एका फेऱ्याला एक सूत

आई, तू गेल्यानंतर मी स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला मला जोर येईल. घरातला सागवानी देव्हारा, त्याच्या कळसाला एकही खिळा नाही. शेजारच्यांचा पाळणा, ज्यात आतापर्यंत त्या मजल्यावरची चार पोरं झोपली आणि चारही वेळा दोऱ्यांशिवाय काही बदलावं लागलं नाही. पालीतल्या एका घराचा लाकडी जिना, त्याची खालची पायरी आणि वरची पायरी एकाच उंचीची आहे, कुणीही टेप लावून बघावं. शांती नगरातल्या स्वयंपाकघरांची कपाटाची दारं; ती मोजणं मी सोडून दिलंय. लेकीचं अभ्यासाचं टेबल. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यातलं माझं स्वतःचं कामाचं बाक. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. कंपनीतली कारकुनी सोडली तेव्हा मी पस्तिशी ओलांडली होती, त्या वयात कोण कुणाला हाताखाली घेतो? बघत गेलो, चुकत गेलो, लाकूड फुकट घालवलं, आणि शिकलो. आणि आता या महिन्यात मी एक लिफ्ट केली. माणसं नेणारी नव्हे. तुला नीट सांगावं लागेल, कारण तुझ्या वेळी आपल्याकडे ही वस्तूच नव्हती.

राउटर म्हणून एक यंत्र असतं. दुधाच्या बरणीएवढी मोटर, तिच्या तोंडाला छोटं पातं, आणि ते पातं इतक्या वेगाने फिरतं की दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. लाकडाच्या कडेला गोलाई द्यायची, खाच पाडायची, दाराच्या चौकटीत दिलहा, म्हणजे मधली फळी, बसेल अशी नक्षीदार खोबण काढायची, ही सगळी त्याची कामं. लोक ते हातात धरून चालवतात. मी मात्र ते उलटं करून टेबलाखाली टांगलंय. टेबलाच्या मधल्या भोकातून पातं तेवढं वर डोकावतं आणि लाकूड त्याच्यावरून सरकवायचं. तुला विळीचं उदाहरण पटेल: पातं जागेवर, हलते ती भाजी. विळीवर जसे दोन्ही हात भाजीला मोकळे राहतात, तसे इथे लाकडाला. पण विळीचं पातं जन्मभर एकाच उंचीचं असतं. राउटरचं पातं मात्र दर कामाला वर-खाली करावं लागतं, आणि सगळा खेळ त्या उंचीचा आहे. दोन कागदांएवढा फरक पडला तरी दाराचा सांधा एक तर बसत नाही, नाहीतर बसून वर येतो, आणि गिऱ्हाईक त्यावरून बोट फिरवून विचारतं, "ये क्या है?"

उंची बदलायची कशी, तर टेबलाखाली गुडघ्यावर बसायचं, मान तिरकी करायची, एका हाताने ते पाच-सहा किलोचं धूड वर ढकलून धरायचं, दुसऱ्या हाताने खिट्टी आवळायची, मग उठून वरून माप घ्यायचं, ते चुकलेलंच असायचं, की पुन्हा खाली. इतकी वर्षं हे केलं आणि त्याचा मला गर्वच होता. मग उत्तनच्या रस्त्यावर मासळीच्या टेम्पोतून सांडलेल्या पाण्यावर माझी स्कूटर घसरली आणि उजवं मनगट गेलं. प्लास्टर निघालं, पण हात पूर्वीचा राहिला नाही. चहाचा कप उचलतो, रंधा मारतो, पण वजन वर रेटून धरता येत नाही. पहिल्याच दिवशी राउटर हातातून सुटून खाली आलं. पातं काढलेलं होतं म्हणून मांडी वाचली. मी टेबलाखाली तसाच बसून राहिलो, आणि कुणी बघितलं तर नाही ना, एवढंच आधी पाहिलं.

बघितलं होतं. शांती नगरातला मॉड्युलर किचनचा शोरूमवाला दारात उभा होता. माझ्याकडून दारं करून घेतो, माणूस वाईट नाही. "अरे मास्टर," तो म्हणाला, "आप कलाकार आदमी, ये नीचे घुस के क्या कर रहे हो? मेरे पास आ जाओ. एसी में बैठो, कस्टमर को डिझाइन समझाओ, कारीगरों पे नजर रखो. ये सब बेच डालो." आणि त्याने महिन्याचा आकडा सांगितला. मी म्हटलं, पालीच्या लग्नघराच्या दारांचं काम हातात आहे, ते झाल्यावर बोलू.

घरी सांगितलं तेव्हा आकडा मी लगेच सांगितला नाही. नुसतं म्हटलं, नोकरी देतोय. तुझी सून, जिला तू पाहिलं नाहीस, भाजी निवडत होती. "अहो, मनगट मोडलंय, डोकं तर शाबूत आहे ना? मग जा की. महिन्याच्या महिन्याला पगार येईल." मी म्हटलं, दुसऱ्याने केलेली दारं विकायला मी जाऊ? ती म्हणाली, "आणि स्वतःची दारं करायला टेबलाखाली कोण जाणार? मी?" तिचं चूक नव्हतं. पातं स्वतःच्या हाताने हवं त्या उंचीवर आणता आलं नाही, तर गाळा बंद. मदतीला माणूस ठेवून उंची लावून घेणं मला जमलं नसतं. दुसऱ्याने लावलेल्या मापावर मी लाकूड सरकवत नाही.

परदेशात यावर लिफ्ट मिळते, हे मला ठाऊक होतं. मीरा रोडच्या सायबर कॅफेत बसून मी तिची चित्रं पाहिली होती. टेबलात बसणारी जाड धातूची पाटी, तिच्याखाली राउटर अडकवलेलं, आणि वरून एक हँडल फिरवलं की अख्खं राउटर वर येतं. वाकायचं नाही, उचलायचं नाही. ताईचा मुलगा तिकडे असतो, त्याला फोन केला. "मामा, पाठवतो ना, पण तुमचं राउटर कसलं आहे? इथल्या लिफ्टमध्ये नुसती गोल मोटर बसते, बैठकीतून काढून." इथेच अडलं. आपल्याकडे दुकानात मिळतं ते दोन खांबांवर वर-खाली होणारं, त्याची मोटर सुटी निघत नाही. म्हणजे आधी लिफ्ट आणा, मग तिच्यासाठी तिकडचं राउटर आणा, मग त्या राउटरसाठी तिकडची वीज आणा. ते सोडलं. मग केबिन रोडवरून गाडीचा जुना जॅक आणला, कात्रीसारखा उघडणारा. पुष्कळ लोक तो लावतात. मी लावून बघितला आणि दुसऱ्या दिवशी काढला. खाली असताना तो एका फेऱ्यात भसकन उचलतो, वर गेल्यावर त्याच एका फेऱ्यात जेमतेम सरकतो. म्हणजे हाताला कधी कळणारच नाही, किती फिरवलं म्हणजे किती चढलं. आणि वर डुलतो तो वेगळाच. मला असं काही हवं होतं, की जे पहिल्या फेऱ्याला वागेल तसंच शेवटच्या फेऱ्यालाही वागेल.

भंगारवाल्याकडे एका जुन्या विलायती मशिनचा स्क्रू सापडला. पाच सूत जाडीचा, चौकोनी तोंडाचे जाड आटे. सुताराचं माप तुला माहीत आहे, इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. मी त्या स्क्रूवर पट्टी ठेवून आटे मोजले. इंचाला बरोबर आठ. म्हणजे हा स्क्रू एकदा पूर्ण फिरला की त्याच्यावरचा नट बरोबर एक सूत चढणार. एका फेऱ्याला एक सूत! कुणी तरी, कुठल्या तरी देशात, मी जन्मायच्या आधी हा स्क्रू कापला होता आणि तो माझ्या मापात बोलत होता. भंगारवाल्यासमोर तोंड पाडून, "गंजलाय रे," असं म्हणत मी तो घेतला. बाहेर आल्यावर मात्र रस्त्याच्या कडेला उभा राहून नखाने एकेक आटा साफ करत राहिलो.

आराखडा सोपा ठरला. राउटरला दोन खांब आहेतच, ते त्याला सरळ ठेवतात. आतल्या स्प्रिंगा काढून टाकायच्या. स्क्रू टेबलाच्या पाटीला उभा लटकवायचा, असा की तो जागेवर फिरेल पण वर-खाली होणार नाही. नट राउटरच्या अंगाला घट्ट बसवायचा. वरून स्क्रू फिरवला की नट चढेल आणि त्याच्याबरोबर राउटर. नट मात्र नवा हवा होता, गनमेटलचा. आमच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथवर आटे कापणारे एक टर्नर आहेत, आझमगढचे, वयाने माझ्याएवढेच. त्यांच्याकडे जाऊन मी मोठ्या रुबाबात म्हटलं, "एक फेरे में एक सूत चढना चाहिए." ते म्हणाले, "हो जाएगा मिस्त्री." मी म्हटलं, मी मिस्त्री नाही. ते म्हणाले, "तो फिर सेठ, हो जाएगा."

नट सुंदर झाला होता, सोन्यासारखा. मी स्क्रू वरून लावला, फिरवला, पहिला फेरा लोण्यासारखा गेला. दुसरा थोडा जड. अडीच फेऱ्यांवर गच्च. तेल घातलं, साफ केलं, पुन्हा तेच: अडीच फेरे आणि बंद. मी तसाच तणतणत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी नट डोळ्याजवळ धरला. "बराबर तो है. तीन एमएम." मी म्हटलं, तीन कशाला? सूत सांगितलं होतं. "सूत बोले तो तीन एमएम! पूरा मीरा-भाईंदर में पूछ लो."

"सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. तीन एमएमपेक्षा थोडा जास्त."

"थोडा कितना?"

"केसाएवढा."

"तो इंच बोलना था ना सेठ! मेरा लेथ तो इंच का ही है, अंग्रेज के जमाने का. आठ चूड़ी तो वो आँख बंद करके काटता है. तीन एमएम के वास्ते मैंने आधा दिन गरारी बदली!"

मी भांडण तिथेच सोडलं. कारण प्लायच्या दुकानात अठरा एमएमच्या पाटीला मीच रोज सहा सूत म्हणतो. बारा एमएमला चार सूत म्हणतो. सगळे म्हणतात. केसाएवढा तो खोटेपणा आमच्या अख्ख्या धंद्यात चालतो आणि कुणाचं दार कधी पडलं नाही, कारण लाकूड तेवढं सांभाळून घेतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आखडतं, आपल्या चुका पोटात घालतं. स्क्रू घालत नाही. पहिल्या आट्याला केसभर, दुसऱ्याला दोन केस, तिसऱ्याला तीन. आणि मग तो थांबतो. त्याला भीड नाही. इतक्या वर्षांत मला इतक्या स्पष्टपणे कुणी थांबवलं नव्हतं. टर्नरसाहेबांनी नवा तुकडा लावला, चहा सांगितला, आणि तो पिऊन व्हायच्या आत त्या जुन्या लेथने आठ आटे असे कापले की स्क्रू बोटाच्या एका टिचकीने, गोल गोल फिरत, नटातून खाली उतरला. आम्ही दोघेही बघत राहिलो. त्यांनी तो पुन्हा वर केला आणि पुन्हा टिचकी दिली. "माशाल्ला," म्हणाले. मनात मीही तेच म्हणालो.

बसवण्याचं काम मी घाईने केलं नाही. टेबलाच्या पृष्ठात पाटीसाठी खाच अशी काढली की पाटी आत बसल्यावर बोटाला कड लागू नये. चार कोपऱ्यांत चार बारीक स्क्रू ठेवले, पाटी वर-खाली करायला. स्टीलची पट्टी आडवी-तिरपी ठेवून तिच्याखाली पातळ कागद सरकवत राहिलो, चारही कोपऱ्यांत तो सारखाच अडकेपर्यंत. खालून राउटर अडकवलं. त्यासाठी त्याच्याखाली विटा रचल्या, हाताने उचललं नाही. स्क्रूच्या डोक्याला खालून फिरकी, म्हणजे गोळ्यांचं बेअरिंग, वर पाटीत एक छिद्र, आणि छिद्राभोवती गोल तबकडी, तिचे बत्तीस भाग मी सुईने कोरले. मग उभा राहिलो. ताठ उभा, आई. छिद्रात पाना घातला आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी फिरवला.

पातं वर आलं. टेबलाच्या त्या काळ्या भोकातून, न थरथरता, न डुलता, जसा समुद्रातून सूर्य वर येतो म्हणतात तसं. मी कधी समुद्रावर सूर्य उगवताना पाहिलेला नाही, आपला तर मावळतो. एक फेरा फिरवला, खोलीमापक लावला: एक सूत. आणखी एक: दोन सूत. पाना सोडला, ते जिथे होतं तिथेच राहिलं. सहा किलो वजन, आणि ते धरून ठेवणारं माणूस कुणी नाही, नुसता एक चढ, गजाभोवती गुंडाळलेला. हे कुणाला पहिल्यांदा सुचलं असेल? घाटाचा रस्ता डोंगराला गुंडाळतात तसा चढ लोखंडाला गुंडाळावा, म्हणजे दोन बोटांत डोंगर उचलता येईल, हे कुणाच्या मनात आलं असेल? मी ते पातं उगीचच खाली नेलं आणि पुन्हा वर आणलं. किती वेळा, ते सांगत नाही.

मग सागाचा तुकडा घेतला, राउटर चालू केलं आणि सरकवला. पातं अर्ध्या भागाने जास्त होतं. आवाज जड, तोंडात घास घेऊन बोलल्यासारखा. तबकडीवर थोडं उतरवलं, पुन्हा सरकवला. आवाज मोकळा झाला. आणि मला आपल्या खोलीतलं जातं ऐकू आलं.

तू दाराशी बसली आहेस, पाय पसरून, कुळीथ भाजून गार केलेले परातीत आहेत. आधी ते नुसते फोडायचे, साल सुटेल एवढेच, आणि मग पाखडून बारीक दळायचे. फोडताना वरची तळी थोडी उचललेली हवी, म्हणून तू मधल्या खिळीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळतेस. मूठभर दाणे टाकतेस, एक फेरा फिरवतेस, थांबतेस. तळी उचलून चिंधीचा अर्धा वेढा सोडतेस. पुन्हा एक फेरा. तू पाण्याला गेलीस तेव्हा मी, जातं हलकं फिरावं म्हणून, चिंधीचे दोन वेढे वाढवले आणि जोरात फिरवायला लागलो. तू अजून बोळातच होतीस, कमरेवर हंडा, आणि तिथून ओरडलीस, "मेल्या, दगडाला शिडी लावलीस काय? अख्खे कुळीथ नाचत बाहेर येतायत ते!" तू बघितलंच नव्हतंस. आत आलीस, हंडा उतरवलास, माझ्या हातात चिंधी दिलीस. "लाव परत. आत डोकावून डोळे नको फोडूस. ऐक." मी लावत राहिलो, काढत राहिलो, तू भात टाकलास, आमटीला फोडणी दिलीस, आणि मधेच पाठमोरीच म्हणालीस, "हां. आता." मी बोटाने दाणे बघितले. प्रत्येक कुळीथ दोन फाकांत, साल वेगळी.

माझ्याजवळ आता स्क्रू आहे, तबकडी आहे, बत्तीस रेघा आहेत. तुझ्याजवळ लुगड्याची चिंधी होती आणि पाठ फिरवलेली होती. गाळ्यात उभा राहून मी बराच वेळ ते राउटर नुसतं चालू ठेवून ऐकत होतो. मला कुणी शिकवलं नाही, हे मी आजही चारचौघांत म्हणेन. पण त्या दुपारला काय म्हणायचं, ते मला ठरवता येत नाही.

पालीची दारं झाली. त्या घरच्या बाईंनी मधे दोनदा फोन करून, "दादा, दार देतोस का न्हाय? का सुनेला पडद्यातूनच घरात घेऊ?" असं विचारलं होतं. दारं लावली तेव्हा त्यांनी चौकटीच्या सांध्यावरून बोट फिरवलं, मग डोळे मिटून पुन्हा फिरवलं, आणि घरातल्या सगळ्यांना बोलावून फिरवायला लावलं. कुणाच्याही बोटाला सांधा लागला नाही. मी गच्चीकडे बघत उभा राहिलो, कारण अशा वेळी तोंड कसं ठेवायचं हे मला कधीच जमलेलं नाही.

शोरूमवाला त्याच आठवड्यात आला. पाना फिरवला, पातं वर आलं, आणि तो लहान मुलासारखा हसला. "बाहर का माल है?" मी म्हटलं, इथलाच. त्याने पुन्हा फिरवलं. मग विचारलं, "तो मेरा जवाब?" मी नको म्हटलं. त्याने दोनदा विचारलं, मी दोनदा नको म्हटलं.

रात्री जेवताना हिला सांगितलं. तिने विचारलं, देत तरी किती होता? मी सांगितलं, नऊ हजार. ती माझ्या ताटात आणखी भात वाढत म्हणाली, "नऊ हजारांसाठी काय कुणाच्या हाताखाली जायचं? बरं केलंत." तेव्हापासून शेजारणींनाही ती तेच सांगते, आणि मान वर करून सांगते.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि घरात ठेवायचीही सोय नाही, म्हणून लिहून झालं की गाळ्यातच फाडीन. नऊ नव्हते, आई. त्याने महिना पंधरा हजार देऊ केले होते.